अर्ध्याच्या खाली

नवऱ्याला मी जन्मभर ‘अजी’ आणि ‘तुमी’ म्हणत आले. अजूनही तोंडावर तसंच म्हणते. पण लिहिताना तरी मला एकेरीवर येऊ द्या, नाहीतर हे सगळं माझ्याच्यानं लिहून होणार नाही.

तो कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात इलेक्ट्रिकच्या खात्यात फोरमन होता. रिटायर होऊन आम्ही सिंदेवाहीला घरी आलो आणि त्याच्या डोक्यात फिरायचं भूत शिरलं. काशी नाही, रामेश्वर नाही. आपल्याच जंगलात, जिथं लॉज नाही तिथं, स्वतःच्या गाडीत राहायचं. शाळेची एक जुनी मिनीबस त्यानं आणली, बाकं उपटली, आत पलंग ठोकला, भांडी घासायला बेसिन बसवलं, छतावर सोलरच्या प्लेटा चढवल्या. पलंगाखाली इन्व्हर्टरच्या दोन भल्यामोठ्या बॅटऱ्या ठेवल्या. जुन्या पद्धतीच्या, आत ॲसिड असलेल्या. त्यांचं पाणी उन्हानं आटतं आणि वरून डिस्टिल वॉटर पाजत राहावं लागतं. शेजारणी गाडी पाहायला आल्या, तेव्हा एकीनं पलंगाखाली वाकून पाहिलं आणि म्हणाली, “अवं माय, दोन दोन सवतींवर झोपतं काय वं तू!” सगळ्या हसल्या. मीही हसले.

नवऱ्याला साखरेचा आजार. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. आमच्याकडचा उन्हाळा ज्यानं पाहिला आहे त्याला सांगायला नको. मे महिन्यात गाडीच्या पत्र्याला हात लागला तर फोड येतो. इन्सुलिनला तर गारवा लागतो. म्हणून गाडीत एक छोटा फ्रिज होता आणि तो या बॅटऱ्यांवर चालायचा. बॅटरी चालली तर फ्रिज, फ्रिज चालला तर औषध, औषध चाललं तर माझा नवरा. एवढं मला कळत होतं. त्याचं औषध सांभाळायला मी कधीच नाही म्हटलं नाही.

पण बॅटरी सांभाळायची म्हणजे किती? दर रविवारी पलंगाची फळी उचलायची, गादी बाहेर, मी बाहेर. मग तो एकेक बूच काढून काचेच्या नळीत ॲसिड ओढायचा आणि त्याची ग्रॅव्हिटी पाहायचा, म्हणजे ॲसिडात दम किती उरला आहे ते. पाणी कुठल्या खणात कमी झालं ते पाहून अगदी झारीनं बाळाला दूध पाजावं तसं डिस्टिल वॉटर घालायचा. टर्मिनलवर पांढरी बुरशी धरली असली तर त्यावर गरम पाणी आणि खायचा सोडा, मग कोरडं फडकं, मग वर व्हॅसलिनचं बोट. माझ्या टाचा भेगांनी फाटलेल्या होत्या. एकदा त्या डबीतलं बोटभर घेतलं, तर ओरडला, “ठेव ते! टर्मिनलचं व्हय ते!” इतक्या वर्षांत ‘तू पाणी प्यालीस का’ असं त्यानं मला एकदाही विचारलं नव्हतं.

त्याचा एक कायदा होता. बॅटरी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. या जातीची बॅटरी पुरती रिकामी होऊ दिली, की आत प्लेटांवर मीठ धरतं आणि ती लवकर मरते, हे खरंच आहे. म्हणजे बॅटरी भलेही दोनशे ॲम्पिअरची असो, वापरायचा तो वरचा अर्धा. खालचा अर्धा नुसता बाळगायचा. आणि वरच्या अर्ध्यात फ्रिज आधी, मग त्याचा दिवा, मग त्याचा मोबाइल. माझा पंखा कायम खालच्या अर्ध्यात यायचा.

दुपारी जेवून मी पलंगावर पडायची आणि पलंगाच्या डोक्यावरचा टीचभर पंखा लावायची. डोळा लागतो न लागतो तोच तो बॅटरीच्या मीटरकडे पाहून म्हणायचा, “बंद कर तो पंखा. साडेबारा व्होल्टच्या खाली चाललं.”

“अजी, जीव जाऊन राह्यला माहा.”

“तुहा नाई जात. बॅटरीचा जाते.”

हे तो थट्टेनं म्हणत नसे. मी उशीचा अभ्रा ओला करून तोंडावर घेऊन पडायची आणि मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्या उद्धरायची.

अशाच एका एप्रिलात आम्ही एटापल्लीकडे गेलो. माझं माहेर तिकडचं. वडील वनखात्यात नाकेदार होते, आमचं लहानपण तिकडच्याच जंगलात गेलं. गावाच्या बाहेर मोहाच्या झाडांखाली गाडी लावली. ऊन असं होतं की बॅटऱ्या आमच्यापेक्षा जास्त पाणी पिऊ लागल्या आणि सोबत आणलेला डिस्टिल वॉटरचा डबा संपला. नवरा एटापल्लीच्या बाजारात जाऊन आला. दुकानदारानं सांगितलं, डिस्टिल वॉटर संपलं, माल आल्यावर या. गाडीत येऊन फळी उचलून पाहतो तर पाणी प्लेटांच्या बरोबरीला आलेलं. प्लेटा उघड्या पडल्या की बॅटरी गेली. त्याचं तोंड उतरलं. मी म्हटलं, जारचं थंड पाणी मिळते ना, ते टाका. तर अंगावरच आला, “जारचं पानी म्हंजे जहर! वाफेचं पानी पाहिजे, वाफेचं. तुले काय समजते?”

वाफेचं म्हटलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वाफ धरून तिचं पाणी करायचं, हे तर आमच्या माहेरी घरोघरी चालतं. माहेरच्या शेजारची माडिया आदिवासी म्हातारी, जिला मी लहानपणापासून मावशी म्हणते, तिच्या परसात मोहाची भट्टी होती. खाली चुलीवर मडकं, त्यावर दुसरं मडकं, त्याच्या पोटात एक वाटी, आणि वर थंड पाण्याचं भांडं ठेवून तोंड बंद. खालची वाफ वर चढते, थंड बुडाला लागून थेंब होते आणि वाटीत पडते. मोह घातला तर दारू. नुसतं पाणी घातलं तर काय होईल?

मी हे बोलले तेव्हा नवरा माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, “डोकं आहे वं तुले.”

खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या संसारात त्याच्या तोंडून माझ्यासाठी निघालेला हा पहिला चांगला शब्द. मी तशीच पदर खोचून मावशीकडे धावले.

मावशी पोटभर हसली. म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्या भट्टीतून पाणी काढायला आलं. तिनं आणि मी मिळून मडकी राखेनं घासली, पाण्यानं खळखळून धुतली, पहिलं निघालेलं पाणी फेकून दिलं. नवरा शेजारी स्टूल टाकून बसला होता आणि मोठ्या इंजिनिअरसारखा ‘जाळ कमी करा’, ‘वरचं पाणी बदला’ असं सांगत होता. दुपारपर्यंत दोन कॅन भरले. त्यानं पाणी उन्हात धरून पाहिलं, जिभेला लावून पाहिलं, आणि खूश झाला. त्या दिवशी त्यानं स्वतःहून माझा पंखा लावला.

परत येताना नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबवली. जिल्ह्यात दारूबंदी, आणि आमच्या पलंगाखाली दोन कॅन. शिपायानं बूच उघडून नाक घातलं आणि म्हणाला, “मोहाचा वास येऊन राह्यला, काका.”

“पिऊन पाहा,” नवरा म्हणाला.

शिपायानं बोट बुडवून चाटलं. “पानीच आहे बे हे,” तो दुसऱ्याला म्हणाला, आणि आम्ही सगळे खो खो हसलो. वास येतो हे त्यानं सांगितलं होतं. आम्ही तिघं-चौघं तिथं उभे होतो आणि कोणाच्या डोक्यात काही आलं नाही.

पुढं वर्षभर ते पाणी बॅटऱ्यांत पडत राहिलं. तो भेटेल त्याला सांगायचा, “आमच्या बायकोच्या माहेरचं पानी आहे, दुकानात नाई भेटत असं.” मी ओट्याशी उभी राहून ऐकायची आणि पोळी जळायची.

दुसरा उन्हाळा लागता लागता बॅटऱ्या मान टाकायला लागल्या. दुपारी ऊन असताना मीटरवर आकडा बरा दिसायचा. सूर्य खाली गेला, फ्रिजनं थोडा दम लावला, की आकडा घसरलाच. त्यानं पाणी पाहिलं, ग्रॅव्हिटी पाहिली, टर्मिनल घासले. काही सापडेना. मग त्याला सापडली मी.

“तुह्या पंख्यानं मारल्या बॅटऱ्या.”

“अजी, पंखा तर तुमी लावूच देत नाई!”

“मी बाहेर गेलो की लावत असशीन.”

त्यानं पक्कड घेतली आणि पंख्याची वायर कापून टाकली. माझ्या समोर. दोन्ही टोकांना काळी पट्टी गुंडाळली, नीट, जसं तो सगळंच नीट करायचा. त्या क्षणी मला त्याचा जो तिटकारा आला, तो मी आजपर्यंत कोणाला बोलले नाही. आता लिहून टाकते.

वायर कापून बॅटऱ्या सुधारणार होत्या थोड्याच? त्याच मे महिन्यात मी नको म्हणत असताना आम्ही सिरोंच्याकडे निघालो. तिकडे नदीकाठी दिवसा फ्रिज सोलरवर चालायचा आणि अंधार पडला की गप्प व्हायचा. सकाळी ऊन आलं की पुन्हा घुरघुर सुरू. इन्सुलिन रात्रभर तापायचं आणि दिवसा गार व्हायचं. पाहायला तर ते काचेच्या बाटलीत तसंच, निर्मळ. मी म्हटलं, माठात ओली वाळू घालून त्यात बाटली ठेवू, रात्रीपुरती. आमच्या आईकडे असंच दूध टिकवायचे.

“इन्सुलिन व्हय ते,” तो म्हणाला, “आंबील नाई.”

साखर वाढायला लागली. तो घटाघटा पाणी प्यायचा आणि सारखा झाडीमागे जायचा. बोट टोचून यंत्रावर आकडा पाहायचा आणि माझ्याकडे बघायचा, “भात जास्तीचा वाढला तू.” मी त्याला भाताऐवजी ज्वारीची भाकर दिली. तरी आकडा वरच. मग म्हणाला, भाकर जाड झाली.

आणि सगळा दिवस त्या बॅटऱ्यांशी झटापट. आता रविवार राहिला नव्हता, रोज फळी वर. स्लीपर घालून, उकिडवा बसून काचेची नळी बाहेर काढायचा. साखरेनं त्याचे पाय कधीचेच बधिर झाले होते. एका सकाळी झाडताना मला त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याजवळ रुपयाएवढी पांढरी, ओली जागा दिसली. ॲसिडचा थेंब पडून कातडी गेली होती आणि त्याला पत्ताच नव्हता. मी सोड्याचं पाणी घेऊन आले.

“पायाले पाहा जरा, अजी. जळलं आहे. आपन चंद्रपूरले जाऊ.”

“काई नाई झालं. दुखत तर नाई.”

“म्हनूनच तर म्हन्ते!”

“तुले पंख्याखाली झोपायला घरी जायचं आहे,” तो म्हणाला. “मले नको शिकवू.”

चंद्रपूरला गेलो तेव्हा पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. वास यायला लागला होता. दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, इन्सुलिन घेत होते ना? मी म्हटलं, रोज घेत होते, वेळेवर. गुडघ्याखालून पाय कापला. मी बाहेरच्या बाकावर बसून रडले. खूप रडले. माणूस कसाही असला तरी त्याचा पाय आपण इतकी वर्षं धुतलेला असतो.

शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं काय मागितलं असेल? पाणी नाही, मला नाही. “त्या बॅटऱ्या घेऊन जा,” म्हणाला, “अन् बॅटरीवाल्याले उघडून पाहाले सांग. कायनं मेल्या त्याचं कारन पाहिजे मले.” कारण त्याला माहीतच होतं, पंखा. त्याला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. आणि मलाही ऐकायचं होतं, की पंखा नाही. मी टेम्पो करून बॅटऱ्या नेल्या.

बॅटरीवाले चाचा म्हणजे चंद्रपुरात बापजाद्यांपासून हेच काम करणारे. नवऱ्याची त्यांच्याशी कारखान्यापासूनची ओळख. त्यांनी एक बॅटरी ओतून रिकामी केली. तळातून तपकिरी चिखल निघाला. प्लेट ओढून काढली तर हातात पापडासारखी मोडली. मी विचारलं, “चाचा, पंख्यानं झालं का हे?”

“पंखा क्या करेगा, भाभी?” ते म्हणाले. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मग त्यांनी चिखलाचं बोट नाकाशी नेलं. “इसमें पानी कौनसा डालते थे?”

मी सांगितलं. मावशीची भट्टी, धुतलेली मडकी, सगळं. सांगता सांगता चाचांचा चेहरा बदलत गेला. मातीचं मडकं वर्षानुवर्षं मोह पिऊन बसलेलं असतं, ते म्हणाले, राखेनं घासून ते निघत नाही. दारूचा अंश पाण्याबरोबर बॅटरीत गेला की त्याचा आत सिरका, म्हणजे व्हिनेगर होतं, आणि सिरका शिसं खातो. हळूहळू खातो. वर्षभर कळतही नाही.

मी दवाखान्यात पोचायच्या आधी बातमी पोचली होती. नवऱ्यानं चाचांना फोन लावला होता. मी दारात उभी राहिले. तो माझ्याकडे बघून हसला. पाय कापल्यानंतर पहिल्यांदाच हसला.

“वा रे वा, तुहं डोकं,” तो म्हणाला.

मी म्हटलं, “तुमीच म्हनलं होतं, डोकं आहे तुले.”

“मी? कधी म्हनलं? मी नाई म्हनलं.”

पंखा, माठ, पायावरचा थेंब, यातलं काही कोणाच्या कानावर गेलं नाही. जो कोणी भेटायला येई त्याला तो चादर बाजूला करून दाखवी आणि म्हणे, “हिच्या माहेरच्या दारूनं खाल्ला हा पाय. अन् मी तर थेंब बी पेत नाई.” लोक हसत. त्याची बहीण तर इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि पाणी मीच आणून दिलं.

आता आम्ही सिंदेवाहीलाच असतो. तो समोरच्या खोलीत खाटेवर. औषध घरातल्या मोठ्या फ्रिजमध्ये, विजेवर. सुई मी देते, एक वेळ चुकवलेली नाही. गाडी अंगणात टिनाच्या शेडखाली उभी आहे आणि तीत दोन नव्या बॅटऱ्या आहेत, कारण त्याचा हुकूम. नकली पाय बसला की पुन्हा निघायचं, असं तो म्हणतो. खिडकीतून त्याला गाडीचा फक्त मागचा भाग दिसतो. रविवारी तो खाटेवरून ओरडतो, “लेवल पाह्यली?” मी म्हणते, “पाह्यली.” “पानी दुकानातलंच ना?” मी म्हणते, “दुकानातलंच.” तेवढं मी खरं सांगते.

पंख्याची वायर मी जोडली. काळी पट्टी सोडली, तांब्याला तांबं पिळलं, पुन्हा गुंडाळली. त्याचं पाहून पाहून इतकं शिकले होते. दुपारी त्याला जेवू घालते, सुई देते, उशी नीट करते आणि गाडीत जाऊन दार लावते. पंखा पुरा सोडते. सकाळी पण लावते, संध्याकाळी पण लावते. शेडखाली सोलरला ऊन लागत नाही. बॅटरी भरतच नाही, हे त्याच्या लक्षात आलेलं नाही.

थोड्या वेळानं घरातून हाक येते.

“व्होल्ट किती?”

मीटरवर साडेअकराच्या खालचा आकडा असतो. लाल.

“साडेबारा!” मी ओरडून सांगते.

“अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नोको बरं!”

“नाई जाऊ देत, अजी!”

मग त्याचं समाधान होतं. आणि मी त्याच्या नव्या बॅटऱ्यांवर, वाऱ्याखाली, दोन्ही पाय लांब पसरून झोपते.